अर्धी बेल

एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. लाल गाडीत एकदा तरी बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. लहान मुलंसुद्धा घरात खुर्च्या एकामागे एक मांडून तोंडानं ‘टिंग टिंग’ करत गाडी सोडतात. गाडीच्या छताला मागपासून पुढपर्यंत एक दोरी बांधलेली असते, कंडक्टरनं ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजते. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, कंडक्टरला तिकिटं फाडताना पुढचं बघायला फुरसत नसते, म्हणून दोघांच्या मध्ये ही दोरी. आता तिकिटाचं मशीन आलं, दोरी मात्र तीच आहे. आमच्या डेपोत या दोन बेलांखेरीज आणखी एक बेल वाजत होती. तिला अर्धी बेल म्हणत. ती कुठल्याही नियमात नव्हती, आणि मी डेपोची प्रमुख असूनही बरेच महिने मला तिचा पत्ता नव्हता.

संपादकांनी फोन करून ‘नेतृत्व’ या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं तेव्हा आधी मला हसूच आलं. नोकरीत असताना आम्हाला नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी पडद्यावर सिंहाची चित्रं दाखवली, आम्हाला गोल करून उभं केलं आणि एकमेकांच्या अंगावर चेंडू फेकायला लावले. त्यातलं मला फक्त जेवण आठवतं, ते चांगलं होतं. बाकी जे थोडंफार शिकले ते लोकांशी बोलता बोलता शिकले. त्यातल्या काहींना माझ्याशी बोलायचंही नव्हतं.

मी नागपूरच्या महाल भागातली. वडील कचेरीत कारकून, दोन्ही भाऊ बँकेत. मी डेपोत लागले तेव्हा आमच्या आत्यानं शेजारी सांगितलं होतं की, पोरगी गाड्या मोजायच्या नोकरीला लागली. पुढं मी डेपो मॅनेजर झाले तरी तिचं मत काही बदललं नाही. तसं बघायला गेलं तर ती फार चुकीचं बोलत नव्हती, फक्त मोजायची ती गाड्या नव्हे, माणसं. गाडी बिघडली तर वर्कशॉपला सांगते, धूर सोडते, आवाज करते. माणूस बिघडला तर तो नीट कपडे घालून कामावर येतो आणि ‘नमस्कार मॅडम’ म्हणतो.

डेपोतलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे ड्युटी लावणं. कुठल्या गाडीवर कोणता ड्रायव्हर आणि त्याच्यासोबत कोणता कंडक्टर, हे रोज ठरवायचं. दिवसभर ती दोघं एकमेकांच्या जिवावर असतात, त्यामुळे हे सोयरीक जुळवण्यासारखंच असतं. एक ड्रायव्हर बोलका असला आणि कंडक्टर घुमा असला तर चालून जातं, पण दोघं तापट असले तर पहिल्याच थांब्यावर भांडण. आमच्याकडे हे काम ढोके करायचे. वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारतो तो माणूस. ढोकेंचा आवाज असा की त्यांनी गाडी रद्द झाल्याचं सांगितलं तरी लोकांना गाडी आल्यासारखं वाटायचं. मी डेपोत नवीन आले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘मॅडम, इथं सगळेच कुरकुर करतात. ज्याच्याबद्दल कोणीच कुरकुर करत नाही त्याच्याकडे जरा लक्ष ठेवाल.’ मी ती गंमत समजले.

आता आमचे कांतीशेठ. हे लकडगंजातले लाकडाचे व्यापारी, आठवड्यातून दोनदा आमच्या गाडीनं पारशिवनीकडे जायचे. एके दिवशी संतापून माझ्या केबिनमध्ये आले. तक्रार काय, तर गाडी वेळेवर सुटली. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचं म्हणणं असं की, ही गाडी वर्षानुवर्षं उशिरा सुटते, त्या हिशेबानं ते घरून निघतात, आणि आज कोणताही निरोप न देता ती वेळेवर सोडण्यात आली. मी गंभीर चेहऱ्यानं त्यांची तक्रार ऐकली आणि पुढची गाडी येईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं. शेठजी शांत झाले आणि गप्पांना लागले. त्यांच्या वखारीत आरा चालतो, बोटं जायची भीती असते. तिथं माणसं कशी सांभाळता, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, ‘एकच सांगतो मॅडम. कोणी वाईट खबर घेऊन आला का त्याले पहिले पाणी पाजायचं. त्याचं पाणी होईपर्यंत आपला गुस्सा अर्धा होते. अन् त्याले बी वाटते का इथं बोललो तर चालते. नाही तर काय, आरा बिघडला हे बोट गेल्यावर समजते.’

ते गेल्यावर मी ढोकेंना हा किस्सा रंगवून सांगितला. आम्ही दोघं वेळेवर सुटलेल्या गाडीवर पोटभर हसलो. पाण्याचं मी विसरून गेले.

आता वासुभाऊ. वासुदेवराव भोयर हे आमच्या डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. उंच, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. त्यांच्या गाडीत पेला भरून चहा घेऊन बसलं तर सांडणार नाही असं लोक म्हणायचे. पारशिवनीची गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. त्या भागातले लोक गाडीला नंबरानं ओळखत नसत, ‘वासुभाऊची गाडी गेली का’ असं विचारत. त्यांच्याबद्दल कोणीच कुरकुर करत नव्हतं. उलट कंडक्टर मंडळी येऊन मला त्यांच्यासोबतच ड्युटी द्या म्हणून सांगायची. विशेषतः मंगला कोहळे. ही तिकडच्याच एका खेड्यातली, अंगानं किरकोळ पण आवाज खणखणीत. वासुभाऊंच्या गाडीवर दुसऱ्या कोणाचं नाव लागलं तर ती ढोकेंच्या खिडकीशी उभी राहून डोळ्यांतून आग ओकायची. मला वाटे, काय प्रेम आहे या माणसावर. वरिष्ठ असावा तर असा. प्रेम होतंच, पण नुसतं प्रेम नव्हतं.

हिवाळ्यात एकदा पारशिवनीला गेले होते. शाळेच्या मुलींना संध्याकाळची गाडी उशिराची पडते, ती आधी सोडा, असं गावकऱ्यांचं म्हणणं होतं, त्याची बैठक होती. परत निघायच्या वेळी ऑफिसची जीप सुरूच होईना. स्टँडवर वासुभाऊंची गाडी उभी होती. तिचंही चाक बदलावं लागल्यामुळे तिला उशीर झाला होता, नाही तर एव्हाना ती नागपूरच्या वाटेवर असती. मी आत चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. मंगलानं मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. साहेब लोक गाडीत बसले की कंडक्टरचा चेहरा उतरतोच, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

गाडी निघाली. दिवस मावळतीला आलेला, दोन्ही बाजूंना कपाशी, रस्त्यावर घरी परतणारी गुरं आणि सायकली. मंगलानं तिकिटं इतक्या घाईनं उरकली की एका आजोबांना उरलेले पैसेही मी मागितल्यावर मिळाले. मग ती पुढं येऊन माझ्या शेजारीच उभी राहिली. जागा रिकामी होती तरी बसली नाही. एक हात दोरीवर. थोड्या वेळानं तिनं दोरीला नुसता हात लावल्यासारखं केलं आणि घंटी नीट न वाजता किणकिणली. कोणी उतरणारं नव्हतं. वासुभाऊंनी गाडी हळू केली, आणि डावीकडच्या शेतातल्या पांदणीतून एक सायकलवाला रस्त्यावर आला. पुढं पुन्हा तसंच. किणकिण, गाडी हळू, उजवीकडून दोन गाई. मला वाटलं, काय जोडी जमली आहे. अजून काहीतरी वेगळं आहे असं मनात आलं नाही.

मग मागं एका बाईचं आणि एका माणसाचं अर्ध्या तिकिटावरून वाजलं. मुलगा किती वर्षांचा, हा वाद. मंगलाला मागं जावं लागलं. जाताना तिनं माझ्याकडे आणि मग समोरच्या काचेकडे पाहिलं, आणि ते पाहणं माझ्या लक्षात राहिलं. ती मागं असतानाच डाव्या बाजूच्या वाटेनं दुधाच्या कॅन लावलेली एक मोटारसायकल आली. मी ती येताना बघत होते. वासुभाऊंची मान हलली नाही, पाय हलला नाही. मोटारसायकल अगदी गाडीच्या नाकासमोर आली तेव्हा त्यांनी करकचून ब्रेक लावला. आम्ही सगळे पुढं फेकले गेलो, दूधवाला कसाबसा निसटला आणि शिव्या देत गेला. गाडीतल्या लोकांनीही त्याला शिव्या दिल्या. मी आरशात वासुभाऊंचा चेहरा बघितला. मोटारसायकल चुकवून दचकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. ती कुठून आली हे त्यांना कळलंच नव्हतं.

अर्धी बेल म्हणजे काय ते त्या क्षणी समजलं. गाडी त्यांच्या हातात होती आणि डोळे मंगलाचे होते. पुढं थोड्याच अंतरावर फाटा होता. तिथून जबलपूरचा हायवे लागतो, अंधार पडत होता, ट्रकची रांग सुरू झालेली असते. गाडीत माणसं भरलेली, शेवटच्या बाकावर शाळेच्या पोरी. आणि पुढं असा माणूस, ज्याला त्याच्या माणसांसमोर खाली उतरवायचं म्हणजे त्याचा जीव घेण्यासारखं होतं.

मी उठून त्यांच्या कानाशी वाकले आणि फाट्यावर गाडी बाजूला घ्या म्हणाले. त्यांनी घेतली. मग मी मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ब्रेकचा आवाज बरोबर येत नाही, गाडी पुढं नेता येणार नाही, मागून येणाऱ्या गाडीत सगळ्यांची सोय करते. लोक वैतागले. एक गृहस्थ म्हणाले, ब्रेक तर आत्ताच एकदम झकास लागले. मी म्हणाले, म्हणूनच आवाज ऐकू आला. आयुष्यात मी फार खोटं बोलले नाही, पण त्या खोट्याचा मला आजही अभिमान वाटतो.

डेपोत ढोकेंना फोन लावला. फाट्यावर गाडी न्यायला एक ड्रायव्हर पाठवा, एवढंच म्हणाले. कोणाची गाडी ते सांगितलं नव्हतं. पलीकडून माइकवरचा नव्हे, अगदी हळू आवाज आला, ‘वासुभाऊच हाय ना मॅडम? कळलं तर तुमाले. पाठवतो.’

म्हणजे ढोकेंनाही माहीत होतं. मग लक्षात आलं की सगळ्यांनाच माहीत असणार. वासुभाऊंची ड्युटी नेहमी उजेडात संपावी अशीच लागत होती. कंडक्टर तेच ते ठरलेले होते. एखाद्या दिवशी बदल झालाच तर कोणीतरी आपसांत अदलाबदल करून घ्यायचं. आख्खा डेपो मिळून एका माणसाचे डोळे झाला होता, आणि ज्या बाईच्या नावावर तो डेपो होता तिला सोडून सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला राग आला. रागापेक्षा जास्त भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

मागची गाडी आली, लोक चढले, मंगलानं शेवटच्या पोरीपर्यंत सगळ्यांना नीट बसवलं. मग आम्ही तिघं फाट्यावरच्या चहाच्या टपरीत गेलो. माझ्या तोंडाशी बोलणं आलेलंच होतं, काय बोलणार होते तेही मला चांगलं आठवतं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात टपरीवाल्यानं पाण्याचे ग्लास आणून ठेवले आणि का कोण जाणे, कांतीशेठ आठवले. मी एक ग्लास वासुभाऊंपुढं सरकवला. वासुभाऊंनी पाणी घेतलं. एक ग्लास झाला, त्यांनी दुसरा मागितला. तोही झाला.

मग तेच बोलले. ‘मले समोरचं सारं दिसते मॅडम. डॉक्टरच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर बी वाचतो. बाजूचं गेलं. कधी गेलं ते मलेच समजलं नाही.’

मी विचारलं, ‘मग सांगितलं काहून नाही वासुभाऊ?’ महालातलं घर कितीही शुद्ध बोलणारं असलं तरी अशा वेळी तोंडातून ‘का’ऐवजी ‘काहून’च निघतं.

‘सांगतलं असतं. पण सांगून उभा कुठी राहू? सुखदेवसारखा?’

सुखदेवला मी पाहिलेलं होतं. मी या डेपोत आले तेव्हा वॉशिंगच्या जागेवर पाण्याचा पाईप घेऊन गाड्या धुणारा एक वयस्क माणूस होता. मला बघितलं की मान खाली घालायचा. थोड्याच दिवसांत तो निवृत्त झाला. तो धुणाराच, असं मी धरून चालले होते. तो ड्रायव्हर होता. हृदयाचं दुखणं निघालं आणि त्यानं ते स्वतः येऊन तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं. नियमानं त्याला दुसरं काम द्यायचं, तर साहेबांनी पाईप दिला. ज्या गाड्या त्यानं चालवल्या त्याच तो सगळ्यांच्या देखत धूत होता. तेव्हापासून तो कँटीनमध्ये जेवायला आला नाही, डबा घेऊन मागं टायरच्या ढिगाऱ्याशी बसायचा. निवृत्तीच्या दिवशी निरोप घ्यायलाही तो थांबला नाही. खरं सांगणाऱ्याचं काय होतं हे डेपोनं रोज सकाळी बघितलं होतं, आणि त्यातून जे शिकायचं ते शिकला होता. सुखदेवशी मी कधी नीट बोलले नाही याची मला आजही हळहळ वाटते.

मंगला इतका वेळ उभी होती. ती म्हणाली, ‘माले सस्पेंड करा मॅडम. बेल मीच काढली, बाकीच्याईले मीच शिकवली. मी नवीन होती तवा एक पिऊन आलेला माणूस माझ्याशी घाण बोलला. वासुभाऊनं गाडी रस्त्यातच बंद केली अन् म्हणे, तो खाली उतरल्याबिगर गाडी हलणार नाही. सारे प्रवासी वरडून राहिले होते, तरी हलले नाही. मी आज गाडीत उभी हाव ते त्याच्यामुळं.’

मी तिला म्हणाले, तुमचं प्रेम मला कळतं. पण मागच्या बाकावर शाळेच्या पोरी होत्या, आणि त्यांचा जीव तुम्ही एका दोरीला बांधला होता. एका अर्ध्या तिकिटाचं भांडण झालं आणि तो दूधवाला मरता मरता वाचला. मंगला रडायला लागली. ‘आमाले दोन्ही वाचवायचं होतं,’ एवढंच ती म्हणाली.

मी वासुभाऊंना सांगितलं की उद्यापासून गाडी नाही. ‘हाव,’ ते म्हणाले. वाद घातला नाही, हात जोडले नाहीत. त्यांच्या त्या ‘हाव’नं मला जास्त त्रास झाला. मी म्हणाले, ‘पण पाईपही नाही.’

‘मग काय?’

‘ते मला अजून माहीत नाही. पण पाईप नाही.’

हातात काही नसताना मी शब्द दिला होता. डेपो मॅनेजरच्या हातात वाटतं तेवढं काही नसतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांचे डोळे तपासले. काचबिंदू निघाला. यात बाजूची नजर हळूहळू जाते आणि समोरची शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून पाटी वाचण्याच्या तपासणीत ते पास होत आले होते. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर थेंब टाकून टिकवता येईल, गेलेली परत येणार नाही.

मी वरच्या साहेबांकडे गेले. माझं म्हणणं असं होतं की वासुभाऊंना ढोकेंच्या केबिनमध्ये ड्युटी लावायला बसवावं, आणि नवीन ड्रायव्हर आले की दिवसा त्यांच्या शेजारी बसून रस्ते समजावून द्यायला पाठवावं. साहेब सज्जन होते, पण पक्के हिशेबी. ते म्हणाले, ‘आज तुम्ही एकाला खुर्ची दिली, तर उद्या डेपोतला अर्धा स्टाफ येऊन म्हणेल, मला दिसत नाही.’

मी म्हणाले, ‘येऊ द्या ना साहेब. ज्याला दिसत नाही तो येऊन सांगेल, हेच तर हवं आहे आपल्याला.’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते बराच वेळ दुसऱ्याच विषयावर बोलत राहिले, आणि मी उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, काही महिने करून बघा, पण अंगाशी आलं तर मी नाही. हेसुद्धा मला तेव्हा मोठं वाटलं. हिंमत नसलेला वरिष्ठही कधी कधी दार उघडं ठेवतो, तेवढ्याचा उपयोग करून घ्यावा.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. वासुभाऊ पहिले कितीतरी दिवस खाकी ड्रेस घालूनच यायचे आणि केबिनमध्ये न बसता पारशिवनीच्या गाडीजवळ जाऊन उभे राहायचे. नवीन ड्रायव्हर चढला की बाजूला व्हायचे. ढोकेंनी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर ढोकेंचाच डबा बसलेला असायचा. मला वाटायला लागलं की पाईपच्या ऐवजी मी त्यांना दुसरं काहीतरी हातात दिलं, एवढंच. मग एकदा ढोकेंनी दोन तापट माणसांची एका गाडीवर जोडी लावली. वासुभाऊ खिडकीतून वाकून म्हणाले, ‘याईले एका गाडीत नको टाकू गा, कामठीच्या आधी मारामारी होते.’ ढोके म्हणाले, मग तुम्हीच लावा. डबा उचलला गेला आणि वासुभाऊ बसले.

कंडक्टरांना मी एकत्र बोलावलं होतं. अर्धी बेल आजपासून बंद, कोणाचं काही असेल तर मला येऊन सांगा, असं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. डेपोत मान डोलावण्याचा अर्थ एवढाच असतो की बैठक संपली. मंगलाला मी सस्पेंड केलं नाही, पण तिची वर्षाची पगारवाढ पुढं ढकलली. ते तिनंही मान्य केलं आणि मला दोन महिने नमस्कार केला नाही. खूप दिवस कोणी काही सांगायला आलं नाही. मी रोज वाट बघत होते. त्या फाट्यावर मी जे बोलून बसले त्याचा उपयोग झाला की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. चुगली करायला लोक येतात, रजा मागायला येतात, दुसऱ्याचं सांगायला तर धावत येतात. स्वतःबद्दल सांगायला कोणी येत नाही.

एका दुपारी वासुभाऊ दारात उभे राहिले. त्यांच्या मागं निलेश होता, नवीन ड्रायव्हर, नुकतंच लग्न झालेला, चपळ, हसतमुख. लांबच्या गाड्या आम्ही त्यालाच द्यायचो. त्याचं काय होतं ते आज सांगायला हरकत नाही, कारण औषधानं तो बरा झाला आणि अजूनही गाडी चालवतो. स्टिअरिंगवर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा. एकदा गाडी रस्त्याच्या कडेला उतरल्यावर त्याला जाग आली होती. त्यानं ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. वासुभाऊंसोबत गाडीत बसून रस्ते शिकताना, का कोण जाणे, त्यांच्याजवळ तो बोलला.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी समोर फक्त एक घाबरलेला तरुण माणूस होता. ‘याले काही सांगायचं हाय,’ वासुभाऊ म्हणाले. माझ्या टेबलावर कामाचा ढीग, दोन फोन वाजत होते. मी पेन हातात तसाच धरून विचारलं, ‘काय झालं निलेश? लवकर बोल.’

निलेश दाराकडे बघायला लागला.

वासुभाऊंनी माझ्या टेबलाच्या कडेचा तांब्या उचलला. ग्लास त्यांच्या डाव्या हाताला होता, तो त्यांना दिसला नाही. त्यांनी मान पूर्ण वळवून तो शोधला, भरला, आणि निलेशपुढं धरला.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘पहिले याले पाणी पिऊ द्या.’

मी पेन खाली ठेवला आणि दोन्ही फोन बंद केले. निलेशनं सगळं पाणी संपवलं, ग्लास टेबलावर ठेवला, आणि बोलायला लागला.